नवी किंगपिन, जुनी पाचर

१८१८ म्हटलं की आम्हा इतिहासाच्या मास्तरांच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडतं – पेशवाई बुडाली. फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले, मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेतला. पस्तीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. त्याच साली लंडनमध्ये एका दुकानदाराने एक पेटंट घेतलं. त्या पेटंटातली युक्ती आज हैदराबाद रोडवरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पुढच्या चाकांमागे काम करते आहे, हे मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

दुकानदाराचं नाव रुडॉल्फ आकरमान. जन्माने जर्मन, लंडनमध्ये छापील चित्रं विकायचा. त्याआधी बग्ग्यांचे आराखडे काढायचा. नेल्सनची अंत्ययात्रा ज्या गाडीवरून निघाली तिचा आराखडासुद्धा याचाच. गंमत अशी की स्टिअरिंगची युक्ती त्याची नव्हतीच. म्युनिकचा बग्ग्या बांधणारा लांकेनस्पेर्गर याची ती, आकरमानने फक्त इंग्लंडात त्याच्या वतीने पेटंट घेतलं. आणि त्याच्याही साठेक वर्षं आधी इरॅस्मस डार्विन नावाच्या डॉक्टरने (चार्ल्स डार्विनचे हे आजोबा) जवळपास तशीच रचना कागदावर मांडली होती. पण नाव राहिलं ते पेटंटवाल्याचं. इतिहासात हे नेहमीचंच!

आता एका निवृत्त मास्तराला बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं असताना हे उद्योग सुचले कसे, तर त्याला कारण माझा एक माजी विद्यार्थी. त्याचे दोन ट्रक आहेत. मार्केट यार्डातून कांदा भरायचा आणि हैदराबादला टाकायचा, परत येताना मिळेल तो माल आणायचा. त्यातल्या जुन्या, सहाचाकी गाडीच्या पुढच्या भागाचं त्याने सगळं काम करून घेतलं. दोन्ही बाजूंचे किंगपिन सेट नवे, टायरॉडचे एंड नवे, पुढचे पाटे बदलले, मागच्या पाट्यांतही एक जादा पाटा चढवला. खर्च चाळीस हजारांच्या वर. आणि गाडी बाहेर आली ती आधीपेक्षा वाईट! सरळ रस्त्यावर भटकायला लागली. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की फिरवलेलंच राहायचं, आपण ओढून सरळ करावं लागायचं. ज्या गॅरेजने काम केलं त्यांचं म्हणणं, सामान तर सगळं नवीन टाकलंय, आता आमच्याकडे काही नाही. दोनदा अलाइनमेंट करून घेतलं, तरी तेच.

सामान नवीन, अलाइनमेंट बरोबर, मग राहिलं काय? ड्रायव्हर.

हा ड्रायव्हर त्याच्याकडे बावीस वर्षांचा. वय साठीला आलेलं. उमरग्याच्या पुढे एका रात्री गाडी रस्ता सोडून कच्च्यात उतरली, नशिबाने थांबली. तेव्हापासून मालकाच्या मनात पक्कं झालं की याचा हात बिघडला, नाहीतर डोळा लागतो. दुसरा ड्रायव्हर बघायला सुरुवातही झाली होती. हे सगळं त्याने मला सांगितलं ते स्टिअरिंगसाठी नव्हे; "सर, इतक्या वर्षांच्या माणसाला कसं सांगू ते तुम्ही सुचवा" म्हणून. मी म्हटलं, आधी त्या माणसाला एकदा विचारलंस का? तर गप्प.

ते पुढे येईलच. आधी जरा मागे जाऊ, कारण त्याशिवाय मलाही काही उमगलं नसतं.

आपल्या बैलगाडीला स्टिअरिंग नाही, कासरा आहे. दोनच चाकं, एकच आस, वळवायचं काम बैलांचं. एका बैलाला आवरलं, दुसऱ्याला हाकललं की गाडी वळली. कर्नाटकातल्या गावांतून जो मोठा रथ निघतो त्याला चार चाकं असतात, पण तीही वळत नाहीत. चाकाखाली लाकडी पाचरी सरकवून सरकवून त्याला दिशा देतात. खरी पंचाईत चारचाकी घोडागाडीची. तिचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. जोरात वळवलं की पुढची दोन्ही चाकं गाडीखाली शिरायची, गाडीचा पाया चौकोनी होता तो तिकोनी व्हायचा आणि गाडी कलंडायची. चाकं खाली शिरायला हवीत म्हणून ती लहान ठेवावी लागायची, आणि लहान चाक म्हणजे खड्ड्यात अडकणारं चाक.

लांकेनस्पेर्गरने आस जागच्या जागी ठेवला आणि प्रत्येक चाकाला त्याच्या टोकाशी स्वतंत्र खिळा दिला. आज ज्याला ट्रकवाले किंगपिन म्हणतात तो हाच. दोन्ही चाकं एका दांड्याने जोडली. तो आपला टायरॉड. पण खरी मेख पुढेच आहे. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या धावपट्ट्या आठवा. आतली पट्टी जास्त वाकडी, बाहेरची कमी वाकडी. गाडी वळते तेव्हा आतलं चाक आतल्या पट्टीवर असतं आणि बाहेरचं बाहेरच्या, म्हणजे आतल्या चाकाने जास्त वळायला हवं. दोन्ही सारखी वळली तर एक चाक घासत जाणार. चाकांना जोडणारे आखूड हात थोडे तिरके ठेवले की हा फरक आपोआप साधतो. त्या हातांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या आसाजवळ एकमेकींना मिळाव्यात, हा हिशेब पुढे १८७८ मध्ये जाँतो नावाच्या फ्रेंच गाडीकाराने मांडला. मला यात जाणवलं ते हे की यात नवीन वस्तू एकही नाही. खिळा होता, दांडा होता. नवीन होता तो कोन.

लंडनच्या बग्गीवाल्यांनी ही युक्ती फारशी उचलली नाही. तिला दिवस आले मोटारीमुळे. आणि मोटारीतही चटकन नाही. कार्ल बेन्झची १८८६ ची पहिली गाडी तीनचाकी का होती? चार चाकं नीट वळवायची कशी, हे त्याला तोवर सुटलं नव्हतं म्हणून. १८९३ मध्ये त्याने दोन खिळ्यांच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि मगच त्याची चारचाकी 'व्हिक्टोरिया' बाजारात आली. या बेन्झचं नाव लक्षात ठेवा. सोलापुरात तो येणार आहे.

आमच्या भागात ट्रक दिसू लागले ते परदेशी सुट्या भागांचे. १९२८ पासून मुंबईला शिवडीत जनरल मोटर्स गाड्या जोडत होती. इथे आपल्या गावाचं नाव घ्यायलाच हवं. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. रेल्वेतला नोकर असलेल्या फाटकांबरोबर भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं, तिथून सुरुवात. पुढे जहाजं, विमानं आणि मग मोटार. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही ट्रकची नावं माझ्या लहानपणी आम्हा पोरांना देवांच्या नावांसारखी पाठ होती. वालचंद १९५३ मध्ये गेले. आज सोलापुरात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या किती मुलांना फार्गो माहीत असेल, हा प्रश्न मी विचारत नाही.

१९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक यायला लागले. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा. म्हणजे ज्याला चार चाकं वळवता येईनात त्या बेन्झचा वारसा आमच्या नाक्यावर येऊन उभा राहिला! १९६९ मध्ये तो करार संपला, तारा गेला आणि 'टी' आला. गाडी मात्र लोक बरीच वर्षं मर्सिडीजच म्हणत. सोलापूर म्हणजे रस्त्यांचा तिठा. पुणे–हैदराबाद रस्ता, तेव्हाचा नऊ नंबर, आता ६५. विजापूरकडून येणारा आणि तुळजापूर-बीडवरून धुळ्याला जाणारा, असे ते दोन्ही आता ५२. पूर्वी गिरण्यांचा कापूस आणि चादरी, आता कांदा आणि साखर, माल बदलला पण ट्रक थांबला नाही. आणि ट्रक जिथे थांबतो तिथे मिस्त्री तयार होतो.

अशाच एका मिस्त्रींकडे आम्ही ती गाडी नेली. वय माझ्याएवढंच, पण अख्खं गाव चाचा म्हणतं म्हणून मीही चाचा म्हणतो. बाराव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली लागले, तेव्हा गाड्यांवर तारा होता. आता स्वतः फारसे गाडीखाली जात नाहीत, मुलं जातात. मी गेलो ते एका बाजूला डब्यावर बसून बघायला. मालक सांगायला लागला, काय काय नवीन टाकलं, किती खर्च झाला. चाचांनी हात वर केला. "तुम्ही थांबा की जरा. चालवतो कोण?"

ड्रायव्हर लांब, सावलीत उभा होता. त्याला बोलावलं.

"रिकामी जास्त भटकते का भरलेली?"

"रिकामी."

"एकाच बाजूला ओढते?"

"नाही चाचा. दोन्हीकडे. तिच्या मनाला येईल तिकडं."

"ब्रेक मारल्यावर?"

"ब्रेकचं काही नाही. वळवलं की परत येत नाही. रात्रभर धरून बसायचं. हैदराबादला पोचलो की खांदे उचलत नाहीत."

"हे आधी मालकाला सांगितलं?"

ड्रायव्हर माझ्या विद्यार्थ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलं होतं. पहिल्याच खेपेला."

माझ्या धंद्यात याला प्रत्यक्षदर्शी साधन म्हणतात. चाचांनी ते आधी घेतलं, बिलं नंतर.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी टायरमधली हवा तपासली. मग पुढचा आस जॅकवर उचलला, चाकं अधांतरी. स्टिअरिंग फिरवलं. मग ड्रॅग लिंक सोडवली. ही ड्रॅग लिंक म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा. ती सोडली की वरचा निम्मा भाग वेगळा आणि खालचा वेगळा. आता खालची चाकं हाताने फिरवून पाहिली. नवीन किंगपिनचं बुश रीमर मारून नीट बसवलं नाही, तर चाक आवळतं आणि वळल्यावर परत येत नाही. पुष्कळ ठिकाणी दोष तिथेच असतो, असं चाचा म्हणाले. इथे चाकं मोकळी फिरली. किंगपिन सुटली. मग वरचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आटे मोजले आणि बरोबर मध्ये आणून ठेवलं. बॉक्सच्या आतले दाते मध्यभागी सर्वांत घट्ट बसतील असे कापलेले असतात. ड्रॅग लिंकची लांबी चुकली तर गाडी सरळ जाताना बॉक्स मध्यावर नसतो आणि स्टिअरिंग सैल लागतं. मग कोणी तरी वरचा स्क्रू आवळतो आणि दुखणं वाढवतो. इथे चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावरच होता. बॉक्सही सुटला.

"अलाइनमेंट?" मी विचारलं.

त्यांनी दोनदा केलेल्या अलाइनमेंटच्या पावत्या मागून घेतल्या, चष्मा लावून पाहिल्या. दोन्हींवर एकच माप लिहिलेलं, टो-इन. म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा किती मिलिमीटर जवळ आहेत. ते चाचांनी आपल्या पद्धतीने पडताळलं. टायरवर खडू फासला, चाक फिरवत खिळ्याने एक बारीक रेघ ओढली, पुढचं अंतर आणि मागचं अंतर टेपने मोजलं. बरोबर होतं. "त्यांनी खोटं काही केलं नाही," चाचा म्हणाले, "पण विचारलं तेवढंच सांगितलं."

राहिला एक कोन, ज्याला ते कॅस्टर म्हणतात. मी त्याला 'कल' म्हणेन. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो उभा नसतो, वरून मागे कललेला असतो. म्हणून हँडल सोडलं तरी चालती सायकल थोडा वेळ सरळ जाते. ऑफिसातल्या खुर्चीची चाकंसुद्धा ओढू त्या दिशेला आपोआप मागे वळतात, कारण त्यांचा टेकण्याचा बिंदू फिरण्याच्या खिळ्याच्या मागे पडतो. ट्रकचा किंगपिनही असाच थोडासा, काही अंशांनी, वरून मागे कललेला ठेवतात. त्या कलामुळेच वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होतं. कल गेला की गाडीला सरळ म्हणजे काय तेच कळेनासं होतं. आणि हा कल किंगपिनमध्ये नसतो! अखंड आसाच्या ट्रकमध्ये तो पुष्कळदा येतो पाटे आणि आस यांच्या मध्ये ठेवलेल्या एका लोखंडी पाचरीतून. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. जाड बाजू मागे गेली की आसाचा माथा मागे कलतो.

चाचा त्या दिवशी स्वतः खाली गेले. बॅटरी लावली, ग्रीस पुसलं, अंगठा फिरवला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "दोन्ही उलट्या."

पाटे बदलताना पाचरी काढल्या गेल्या होत्या आणि बसवताना जाड बाजू पुढे गेली होती. मधल्या बोल्टचं भोक दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे उलटी बसली तरी अडत नाही, दिसतही नाही. त्यात मागे चढवलेल्या जादा पाट्याने गाडीचं बूड उचललं गेलं आणि उरलासुरला कलही गेला. भरल्यावर बूड थोडं दबायचं, कल थोडा परत यायचा. म्हणूनच ती रिकामी जास्त भटकायची. ड्रायव्हरच्या पहिल्या उत्तरात निम्मं निदान होतं.

यात पॉवर स्टिअरिंगचाही एक धडा आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड गाड्या वळवताना लोकांचे होणारे हाल बघून त्याने तेलाच्या दाबावर चालणारी मदत शोधली आणि १९२६ मध्ये एका गाडीत बसवून दाखवली. पण बाजारातल्या गाडीत ती यायला १९५१ उजाडलं, आणि आणली क्रायस्लरने. म्हणजे वालचंदांच्या प्रीमियरशी करार केलेली तीच कंपनी! आपल्याकडचे ड्रायव्हर मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं भल्यामोठ्या चाकाशी झोंबत, अर्धवट उभे राहून ट्रक वळवत होते. ते चाक मोठं होतं ते तरफेसाठी, दिमाखासाठी नव्हे. पॉवर आल्यावर इंजिनिअरांना आणखी एक सवलत मिळाली. कल जास्त ठेवला की स्टिअरिंग जड होतं, म्हणून पूर्वी तो बेताने ठेवावा लागे; आता जडपणाची काळजी पंप घेतो, तेव्हा कल वाढवता येतो. पण तोच पंप हाताला येणारी रस्त्याची खबरही अडवतो. या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे. मालकाने यार्डात दोन फेऱ्या मारून पाहिल्या तेव्हा त्याला स्टिअरिंग हलकं लागलं, छान वाटलं. ताशी पन्नास-साठच्या वेगाने रात्रभर तिला सरळ ठेवण्याचं काम ज्याच्या खांद्यांवर होतं त्यालाच ते कळत होतं.

यू-बोल्ट सोडून पाचरी फिरवायला, परत आवळायला, कलानंतर टो-इन पुन्हा बघायला दुपार गेली. मजुरी झाली दोन हजार. शिवाय, भरून एक खेप झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या, नाहीतर येऊ नका, असा दम.

चाचणीला बोरामणीपर्यंत गेलो. मी केबिनमध्ये मध्ये, माझ्या पलीकडे मालक. सरळ पट्ट्यावर ड्रायव्हरने दोन्ही तळवे चाकापासून इंचभर उचलले आणि तसेच धरून ठेवले. गाडी रेघेवर चालल्यासारखी चालली. परतीच्या वळणावर स्टिअरिंग त्याच्या बोटांतून सळसळत सरळ झालं. तो काही बोलला नाही. माझा विद्यार्थीही काही बोलला नाही, नुसता समोर बघत होता. गॅरेजशी उतरल्यावर ड्रायव्हरने चावी मालकाच्या हातात दिली. "आता कोणीही चालवेल हिला," म्हणाला. पुढच्या महिन्यापासून तो एका शाळेच्या बसवर लागला. पगार थोडा कमी, पण रात्री घरी असतो. विद्यार्थी दोनदा त्याच्या घरी जाऊन आला, तो आला नाही. बावीस वर्षांचा हिशेब मात्र पै न् पै चुकता केला, हे मला नंतर ड्रायव्हरकडूनच कळलं.

चाचांकडे मी त्यानंतरही जाऊन बसतो. परवा एक दुसरी गाडी आली होती, पुढचे पाटे बदलायला. मुलाने पाना लावायच्या आधी चाचांनी त्याला थांबवलं आणि छिन्नी दिली. त्याने पाचरीच्या कडेवर, जागच्या जागी असतानाच, एक छोटा बाण कोरला, टोक गाडीच्या तोंडाकडे. मग दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथेही कोरला.